कॅटलिना ३०: किनाऱ्याकिनाऱ्याने निवांत जाणाऱ्यांची शिडाची बोट

या बोटीत जे चांगलं आहे आणि जे त्रासाचं आहे, ते बहुतेक सगळं एका आकड्यातून निघतं: १० फूट १० इंच. ही तिची रुंदी. लांबी ३० फुटांना एक इंच कमी. आज हे प्रमाण कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही, पण १९७०च्या दशकाच्या मध्यात ही बोट आली तेव्हा या लांबीच्या बऱ्याच बोटी चांगल्याच अरुंद असायच्या. अल्बर्ग ३० घ्या. तीही फायबरग्लासची, समुद्रात अतिशय भरवशाची, पण रुंदी ८ फूट ९ इंच. दोन्ही बोटींच्या केबिनमध्ये पाठोपाठ उतरून बघा. दोन फुटांनी काय होतं ते लगेच कळतं. एकीत माणसं एकमेकांना वाट देत वावरतात, दुसरीत ऐसपैस बसून गप्पा मारतात.

आमची बोट १९८५ सालची आहे. मी, नवरा, मुलगी आणि हवा बरी असली की माझी आई, एवढी माणसं तिच्यावर असतात. सकाळी उशिरा निघायचं, दिवसाकाठी वीस-पंचवीस सागरी मैल कापायचे, ऊन उतरायच्या आत एखाद्या आडोशाच्या जागी नांगर टाकायचा आणि रात्र बोटीवरच काढायची, हा आमचा शिरस्ता. महासागर ओलांडायचा नाही, शर्यती जिंकायच्या नाहीत. खाली जे लिहिलं आहे ते या वापरापुरतं आहे. तुमचा वापर वेगळा असेल तर माझं मत तुमच्या कामाचं नाही, हे आधीच सांगते.

कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या कॅटलिना यॉट्स या कंपनीची ही बोट. कंपनीचे संस्थापक फ्रँक बटलर यांनीच तिचं डिझाइन केलं. ती २००८ पर्यंत बनत राहिली आणि तोवर सहा हजारांहून जास्त बोटी पाण्यात उतरल्या होत्या. २००१ मध्ये अमेरिकन सेलबोट हॉल ऑफ फेममध्ये तिला जागा मिळाली. मला मानाचं काही नाही, पण सहा हजारांचा आकडा महत्त्वाचा वाटतो. इतक्या बोटी असल्या की तिचं प्रत्येक दुखणं कुणीतरी आधी सोसलेलं असतं आणि त्यावरचा इलाजही करून ठेवलेला असतो. चाळीस वर्षांच्या बोटीला खिडकीचं रबर, सुकाणूचं बेअरिंग किंवा हॅचची (डेकवरच्या झाकणाची) काच मापाने मिळणं ही छोटी गोष्ट नाही. याच वयाच्या, फार देखण्या पण मोजक्याच बनलेल्या बोटींचे मालक एकेक भाग कारखान्यात हाताने घडवून घेताना मी पाहिले आहेत.

आता आत उतरू. केबिनमध्ये डोक्यावर सव्वासहा फूट उंची मिळते. माझा नवरा सहा फुटांचा आहे आणि तो मान न वाकवता उभा राहतो. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा तिने सगळं न्याहाळून एवढंच म्हटलं, “अगं, इथे तर उभं राहून केस विंचरता येतात.” याहून नेमकं परीक्षण मला लिहिता येणार नाही. जेवणाचं टेबल इंग्रजी यू आकाराच्या बैठकीच्या मध्ये आहे. चौघं आरामात बसतात, सहा जण दाटीवाटीने. टेबल खाली उतरवून वर गादी टाकली की दोघांची झोपायची जागा होते. पुढच्या टोकाला व्ही आकाराचा पलंग, त्याच्या मागे शौचालय, जिन्याच्या बाजूला क्वार्टर बर्थ, म्हणजे मागच्या बाजूला आत सरकलेली झोपायची जागा. जाहिरातीत सात जण झोपतात असं म्हटलेलं असायचं. झोपतीलही, पण चार माणसांनंतर सामान कुठे ठेवायचं हा प्रश्न उभा राहतो. चौघांची बोट म्हणूनच तिच्याकडे बघा.

स्वयंपाकाचा ओटा जिन्याजवळ आहे, एल आकाराचा. जागा अगदी योग्य, कारण बोटीची हालचाल तिथे कमी जाणवते आणि वरून हवा येते. ओट्याशी उभं राहिल्यावर कॉकपिटमधल्या, म्हणजे मागच्या उघड्या बैठकीतल्या, माणसाशी बोलता येतं, त्याच्या हातात कप देता येतो. दिवसभर खाली एकट्याने राबणाऱ्या माणसाला याचं मोल विचारा. एक गोष्ट मात्र आम्हाला बसवून घ्यावी लागली: कंबरेला बांधायचा पट्टा. केबिन रुंद असल्यामुळे बोट कलली की टेकायला जवळ काही नसतं. अरुंद बोटीत पाठ आपोआप कुठेतरी अडकते, इथे माणूस या टोकाहून त्या टोकाला जातो. छताला आणि जिन्याशी धरायला चांगले दांडे हवेत. ते नसतील तर पहिल्या आठवड्यात बसवा, पडद्यांचं कापड नंतर निवडा.

कॉकपिट लांब आहे. एकाला पाय पसरून पूर्ण आडवं होता येतं. चाकाचं सुकाणू असलेल्या जुन्या बोटींत एक अडचण आहे: चाकाच्या मागे जायचं तर बाकावर चढून जावं लागतं. नंतरच्या आवृत्त्यांत मागचा भाग टी आकाराचा केला आणि चाकाच्या बाजूने वाट मिळाली. आईसारखी गुडघेदुखीची माणसं सोबत असतील तर हा फरक रोज जाणवतो. आमच्याकडे आईची जागा पुढे, जिन्याच्या कडेला, ठरलेली आहे.

शिडांवर ती कशी चालते? वजन १०,२०० पौंड, म्हणजे साधारण ४,६०० किलो. त्यातलं ४,२०० पौंड कीलमध्ये, म्हणजे तळाखालच्या जड पात्यात, शिशाच्या रूपाने. म्हणजे शंभरातले एकेचाळीस भाग वजन पाण्याखाली, तळाशी. वर रुंदीचा आधार. त्यामुळे पहिल्या वाऱ्याला ती घाबरवत नाही. थोडी कलते, खांदा टेकल्यासारखी थांबते आणि चालायला लागते. ज्यांना बोट कलली की पोटात गोळा येतो त्यांच्यासाठी हे वरदान आहे. दहा-बारा नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वाऱ्यात, वारा बाजूने घेऊन, पूर्ण मुख्य शीड आणि पुढचं मोठं शीड, जेनोआ, लावून, ती साडेपाच नॉटने जाते. चाकावर दोन बोटं पुरतात. माझ्या मुलीने याच वाऱ्यात सुकाणू धरायला शिकलं.

पाणरेषेवरची लांबी २५ फूट. अशा बोटीचा वेग या लांबीने बांधलेला असतो: फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४. म्हणजे ६.७ नॉट. त्याच्या वर रेटायला गेलात तर बोट स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढाला लागते, वेग वाढत नाही, फक्त ताण वाढतो. किनाऱ्याचा बेत आखताना मी सरसकट पाच नॉट धरते आणि भरती-ओहोटीचा प्रवाह त्यात मिळवते किंवा वजा करते. पाच नॉटवर बेत कधी फसत नाही.

वारा पंधरा नॉटच्या आसपास गेला की मात्र ती बोलायला लागते. हे जरा सविस्तर सांगते, कारण या बोटीबद्दलच्या निम्म्या तक्रारी इथल्या आहेत. रुंद बोट वीस अंशांपलीकडे कलली की पाण्यातला तिचा आकार दोन्ही बाजूंनी सारखा राहत नाही. पाण्यात बुडालेली बाजू फुगीर, उचललेली बाजू सपाट. मग तिचं नाक वाऱ्याकडे वळू बघतं. त्यात सुकाणूचं पातं तिरपं होऊन त्याचा वरचा भाग पाण्याबाहेर येऊ लागतो, म्हणजे जेव्हा पकड जास्त हवी तेव्हाच ती कमी होते. चाक हाताला जड लागतं, मग जोर लावावा लागतो, आणि शेवटी जोर लावूनही बोट आपल्या मनाने वाऱ्यात फिरते. लोक म्हणतात सुकाणू लहान आहे. माझ्या मते शीड जास्त आहे. मुख्य शिडाची पहिली रीफ घेतली, म्हणजे शिडाचा खालचा पट्टा बांधून ते लहान केलं, आणि जेनोआ थोडं गुंडाळलं की बोट सात-आठ अंशांनी सरळ होते, चाक पुन्हा दोन बोटांवर येतं आणि वेग जवळपास तेवढाच राहतो. काही वेळा वाढतोही. म्हणून आमच्या बोटीवर रीफचे दोर कॉकपिटपर्यंत आणून घेतले आहेत. डोलकाठीशी जायचं नाही म्हटल्यावर माणूस वेळेवर रीफ घेतो.

तिला खरंच न आवडणारी एक गोष्ट आहे: आखूड, उभ्या लाटा आणि समोरून वारा. उथळ पाण्यावर प्रवाहाच्या उलट वारा वाहतो तेव्हा अशा लाटा उठतात. पुढचा रुंद भाग त्या लाटांवर आपटतो, प्रत्येक आपटीला वेग तुटतो आणि केबिनमधली भांडी वाजतात. अल्बर्गसारखी अरुंद बोट हे पाणी कापत जाते. आम्ही अशा दिवशी पाणी फिरायची वाट बघतो. तासा-दोन तासांत प्रवाह वाऱ्याच्या दिशेला लागला की त्याच जागी समुद्र निम्मा झालेला असतो. निवांत जाणाऱ्याला थांबणं परवडतं, आणि थांबायला ही बोट उत्तम.

फिन कीलची, म्हणजे माशाच्या परासारख्या खोल कीलची, बोट ५ फूट ३ इंच पाणी मागते. उथळ कीलची आणि नंतर विंग कीलचीही (तळाशी पंख असलेल्या कीलची) आवृत्ती निघाली, त्या साधारण फूट-दीड फूट कमी पाण्यात जातात. खाड्यांच्या तोंडाशी आणि वाळूच्या दांड्यांवरून जाणं-येणं असेल तर उथळ कील सोयीची. पण वाऱ्याच्या तोंडावर चढताना फिन कीलची बोट स्पष्टपणे सरस चालते. विंग कील चिखलात रुतली तर बोट कलवूनही लवकर सुटत नाही, हेही लक्षात असू द्या.

इंजिनाबाबत माझं मत ठाम आहे. सुरुवातीच्या बोटींत अॅटॉमिक ४ नावाचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन असायचं. गुळगुळीत चालणारं, साधं, आणि चाळीस हजारांच्या वर बनलेलं. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बोटीच्या तळाशी साचते आणि ठिणगी मिळाली की स्फोट होतो. दर वेळी सुरू करण्याआधी ब्लोअर (हवा बाहेर फेकणारा पंखा) चालवून तळ हवेशीर करायचा, नाकाने वास घ्यायचा, मगच किल्ली फिरवायची. अनेकांनी ही शिस्त वर्षानुवर्षं पाळली आहे. मुलं आणि म्हातारी माणसं बोटीवर असताना मला ते ओझं नको होतं. नंतर कुबोटाच्या ब्लॉकवर बनलेली युनिव्हर्सलची डिझेल इंजिनं आली. त्यातलं दोन सिलिंडरचं ११ अश्वशक्तीचं इंजिन शांत पाण्यात ठीक, पण समोरून वारा-लाटा आल्या की साडेचार टन ढकलताना दमतं. तीन सिलिंडरचं एम-२५, २१ अश्वशक्तीचं, या बोटीला बेताचं आणि पुरेसं आहे. आमचं तेच. साडेपाच नॉटला तासाला साधारण दोन लिटर डिझेल पितं. शोधताना हेच किंवा त्याचा थोडा दमदार भाऊ एम-२५ एक्सपी मिळतो का बघा. धक्क्याला लावताना रिव्हर्समध्ये बोटीचं मागचं टोक एका बाजूला ओढलं जातं. कोणत्या बाजूला ते पहिल्याच दिवशी मोकळ्या पाण्यात करून पाहा, आणि शक्य असेल तेव्हा तीच बाजू धक्क्याला लावा.

आता वयाच्या गोष्टी. फायबरग्लास म्हणजे काचेचे धागे आणि पॉलिएस्टर रेझिन. तो कुजत नाही, त्याला कीड लागत नाही. या बोटीचं कवच तर भरीव आहे, मध्ये लाकूड नाही. खरं वय कळतं ते कवचाला जिथे काही जोडलेलं आहे तिथे.

पहिला जोड कीलचा. बोट पाण्याबाहेर काढलेली असताना खाली बसून कील आणि कवच यांच्या जोडाच्या पुढच्या कडेला बघा. तिथे वर वळलेली, हसल्यासारखी चीर दिसू शकते. मालक मंडळी तिला ‘कॅटलिना स्माइल’ म्हणतात. बारीक, कोरडी चीर असेल तर घाबरू नका. जोड खरवडून, सील भरून, कीलचे बोल्ट योग्य जोराने आवळले की बहुधा भागतं. चिरेतून गंजाचे ओघळ येत असतील किंवा बोट उचलून दोन दिवस झाल्यावरही पाणी ठिबकत असेल, तर आत बोल्टकडे बघावं लागेल. जुन्या बोटींत कीलच्या खुंटात, म्हणजे कवचाच्या ज्या खालच्या भागाला कील बोल्टने जोडलेली असते त्यात, प्लायवूड आहे. ते भिजून मऊ झालं तर काम मोठं होतं.

दुसरी जागा डोलकाठीखालची. या बोटीची डोलकाठी डेकवर उभी असते आणि तिचा भार केबिनमधल्या एका खांबावरून तळाशी जातो. त्या खांबाखालचा लाकडी ठोकळा तळाच्या पाण्यात वर्षानुवर्षं भिजून खचतो. खांब अर्धा-पाऊण इंच खाली बसतो आणि त्याच्याबरोबर डेकही. हे डोळ्यांना दिसत नाही, पण शौचालयाचं दार सांगतं. दार चौकटीला घासत असेल, लागता लागत नसेल, वरची कड रंधून काढलेली दिसत असेल, तर मोजपट्टी घ्या. बाहेर जाऊन डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा हाताने दाबून पाहा, सैल लागतील. मी कोणाबरोबरही ही बोट बघायला गेले की आधी त्या दारापाशी जाते.

तिसरी जागा डेक. तिथे फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये लाकडाचा गाभा आहे. कठड्याचे खांब, दोर बांधायचे क्लीट, पकडायचे दांडे, सगळे त्यातून आरपार बोल्टने बसवलेले. बोल्टभोवतीचं सील वाळलं की पाणी गाभ्यात शिरतं, आणि ते बाहेर येत नाही. प्लॅस्टिकच्या मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरून मुठीने डेकवर हातभर अंतराने ठोकत जा. कोरड्या जागी कडक, मोकळा आवाज येतो. ओल्या जागी तो एकदम बसका होतो. एकदा कानाला फरक कळला की चुकत नाही. पाय टाकल्यावर डेक दबत असेल तर ठोकायचीही गरज नाही.

तळावर फोड असतील. या काळातल्या फायबरग्लास बोटींवर ते असतातच. रेझिनमधून आत झिरपलेलं पाणी तिथल्या विरघळणाऱ्या द्रव्यांत मिसळतं आणि बाहेरचा जेलकोटचा (गुळगुळीत रेझिनचा) थर फुगवतं. एखादा फोड टोचला तर व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. नाण्याएवढे तुरळक फोड असतील तर मी त्यावरून बोट नाकारणार नाही. पाण्याखालच्या नळांना जुने, फिरवून बंद करायचे गेट व्हॉल्व्ह असतील तर ते मात्र पाण्यात उतरवण्याआधी बदला. त्यातलं पितळ आतून भुसभुशीत होतं, आणि मूठ फिरली तरी आतला पडदा हलला की नाही कळत नाही. इंजिनाकडून येणाऱ्या विजेच्या तारांच्या जोडणीचे प्लग उघडून बघा, हिरवे किंवा वितळलेले असतील तर कापून नवी जोडणी करा. शौचालयाच्या नळीवर गरम ओलं फडकं थोडा वेळ गुंडाळून ठेवा आणि मग फडक्याचा वास घ्या. वास आला तर नळी मुरली आहे, कितीही साफ करा, केबिनमधून तो जाणार नाही. नळी बदलणं हाच उपाय.

डोलकाठीच्या तारांचं वय विकणाऱ्याला विचारा. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या असतील तर दिसायला चकचकीत असल्या तरी बदलायच्या, असा हिशेब धरा. स्टेनलेस स्टील टोकाच्या नळकांड्यात आतून तडकतं.

कोणाला ही बोट घेऊ नका म्हणून सांगेन? एकट्याने, वाऱ्याच्या तोंडावर, कितीही पाणी उसळलं तरी निघायचंच अशा वृत्तीच्या माणसाला. वेगातच ज्याचा आनंद आहे त्याला. आणि ज्याला स्वतःच्या हाताने स्क्रू फिरवायची आवड नाही त्यालाही, कारण चाळीस वर्षांची बोट प्रत्येक ऋतूत काही ना काही मागते. बाकीच्यांना, विशेषतः घरच्या माणसांना घेऊन जायचं आहे आणि त्यांनी पुन्हा यावं असं वाटतं त्यांना, मी ही बोट मनापासून सुचवते. या वापरासाठी इतका मोकळेपणा देणारी याच वयाची दुसरी बोट मी पाहिलेली नाही.

दोन बोटींत निवड करायची वेळ आली तर बनावटीच्या सालावर जाऊ नका. जुन्या सालची कोरड्या डेकची बोट नव्या सालच्या ओल्या डेकच्या बोटीपेक्षा नेहमीच बरी. कीलचा जोड, नळ, तारा, नळ्या, सगळं सुट्टीच्या दिवशी थोडंथोडं करून मार्गी लागतं. निम्मं डेक उघडून गाभा बदलणं हे कामच वेगळं, ते बोटीला अख्खा हंगाम जमिनीवर ठेवतं. सर्व्हेअर (बोट तपासणारा जाणकार) नेमाच, पण त्याला बोलावण्याआधी एकदा स्वतः जाऊन या. आणि जाण्याच्या आदल्या दिवशी विकणाऱ्याला फोन करून सांगा की इंजिन सुरू करून गरम करून ठेवू नका. पोचल्यावर आधी इंजिनावर हात ठेवा. गार असेल तर समोर सुरू करायला सांगा, किल्ली किती वेळ फिरवावी लागते ते मोजा, मागच्या बाजूला जाऊन धुराबरोबर पाणी पडतंय ना बघा, आणि धुराचा रंग काही मिनिटांत निवळतो का, ते तिथेच उभं राहून पाहा.